पहिला नाडा

घायपात सडले की पाण्याला जो वास सुटतो, तो मेलेल्या जनावराच्या वासाहून वेगळा असतो. पण माणसे दोन्ही वासांपासून सारख्याच अंतरावर राहतात. दानिएलला हे अंतर सोयीचे होते. ओढ्याच्या खालच्या अंगाला, सर्जेरावांच्या बांधाखाली एक डबके होते. त्यात त्याने घायपाताच्या जाड, काटेरी पानांच्या मोळ्या दगडांखाली दाबून ठेवल्या होत्या. पान अंगठ्याने दाबले की गर बाजूला सरकून पांढरे धागे दिसू लागले, म्हणजे ते काढण्याजोगे झाले. त्याआधी काढले तर धागा हिरवा राहतो आणि नंतर काढले तर कुजतो. मधला काळ थोडा असतो, म्हणून दोघे नवराबायको सकाळपासून डबक्यात उभी होती.

कृपाबाई पान दगडावर झोडून पिळून काढी. घायपाताच्या रसाने तिच्या पोटऱ्यांवर लाल चट्टे उठले होते.

"खाजवू नगंस. वाढंल," दानिएल म्हणाला.

"मग काय करू? गीत म्हणू?"

"म्हण की. सर्जेरावाची म्हसरं तरी ऐकतील."

"त्येंची म्हसरं हिकडं फिरकत्यात व्हय? तेवढी अक्कल हाय त्यांना."

पानांतून निघालेला धागा, म्हणजे वाख, धुऊन बाभळींवर वाळत घातला होता. उन्हात तो रेशमासारखा चकाके. त्या चकाकीला बाजारात काही मोल नव्हते. मोल होते ते धागा किती ओढ सोसतो याला, आणि ते दानिएलला माहीत होते. शिरूरला मिशनच्या आवारात दोरकामाची एक लांब शेड होती. तिथे तो पोरवयापासून काम शिकला आणि पुढे तिथेच नोकरीला राहिला. मुंबईहून गिरणीचे दोर येऊ लागले तशी शेड बंद झाली. निरोप घेताना साहेबाने त्याला दोर वळायचा जुना चरखा दिला. मोठे लाकडी चाक, त्याच्या फिरण्याने फिरणारे तीन लोखंडी आकडे, आणि तीन पेड एकत्र आणणारा खाचांचा एक लाकडी शंकू, एवढे ते यंत्र होते. आकडे झिजले होते. दानिएल दौंडला गेला आणि रेल्वेच्या यार्डाजवळच्या लोहाराकडून नवे करून घेऊन आला.

त्याच फेरीत तो मालधक्क्याजवळच्या दोरांच्या दुकानात शिरला होता. दुकानदाराने त्याच्या पिशवीतला नमुना नखाने उकलून पाहिला.

"माल चांगलाय. एकसारखा येईल का कायम?"

"येईल. यंत्रावर वळतोय."

"नाव काय दुकानाचं?"

दानिएलने स्वतःचेच नाव सांगितले. दुकान नव्हते. पण परत आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की शेडमधून आणलेली सागाची एक गुळगुळीत फळी तासून तिच्यावर पांढऱ्या रंगात अक्षरे काढली: दानिएल बन्यामीन, दोरखंड तयार करणार व विकणार. रंग वाळेपर्यंत तो तिच्याजवळून हलला नाही. कोंबडी नाचून जाईल अशी भीती होती.

त्याचा बाप बन्यामीन कुडाला टेकून बसला होता. त्याला वाचता येत नव्हते.

"काय लिवलंय?"

"माझं नाव. आन् तुमचं."

"माझं कशाला?"

"बापाचं नाव लावत्यात, आबा."

म्हाताऱ्याने फळीकडे पाहिले आणि मान दुसरीकडे वळवली. बाप्तिस्म्याआधी त्याचे नाव भिकू होते आणि गावात अजूनही तेच चालत होते. त्याच्या घराकडे गावचे दोर वळण्याचे बलुते होते. पोळ्याला प्रत्येक दावणीला नवे दावे, विहिरीच्या मोटेला नाडा, गाडीला चऱ्हाट द्यायचे, आणि खळ्यावर उरेल ते धान्य पदरात घ्यायचे. उरले नाही तर घ्यायचे नाही. बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी त्याने वाखाला हात लावणे सोडले. पुढे त्याने रस्त्यावर खडी फोडली, मिशनच्या बागेला पाणी घातले, पण दोर वळला नाही. मुलाने शेडमध्ये नोकरी धरली तेव्हा तो एवढेच म्हणाला होता, "यंत्रावर हाय ना? मग ठीक."

दोर वळायला लांब, सरळ, सपाट जागा लागते. वस्तीत तशी जागा नव्हती. तिथली बोळे कुत्र्याच्या शेपटीसारखी होती. ती जागा सर्जेरावांनी दिली. ओढ्याकाठचा, लिंबांच्या सावलीतला पट्टा, शिवाय डबके, शिवाय बांधावरचे घायपात.

सर्जेराव आणि दानिएल शिरूरच्या मिशनच्या शाळेत एका बाकावर होते. तिथे दोघे एकमेकांना अरे-तुरे करीत. शाळा सुटली आणि गावात परतल्यावर दानिएल आपोआप अहो-जाहोवर आला. सर्जेराव जिथे होते तिथेच राहिले. दोघांपैकी कुणी याविषयी कधी बोलले नाही.

"वतनं गेली कायद्यानं," सर्जेराव पट्टा दाखवताना म्हणाले होते. "आता ज्याचा माल त्याचा भाव. मी तर म्हणतो, पोळ्यापतूर धंदा उभा कर. सोसायटीची निवडणूक हाय. चेअरमन झालो की गावाचे नाडे, दावी, समदं सोसायटीमार्फत तुझ्याकडनं. तुझी पाटी सोसायटीच्या गोदामावर लाव. माझा शब्द हाय."

"लोक देतील पैसे?"

"पेंडीला देत्यात, खताला देत्यात. दोराला का न्हाई देणार?"

हा युक्तिवाद दानिएलला निर्दोष वाटला. तो तसा होताही. फक्त पेंड आणि खत त्यांच्या आजोबांना फुकट मिळालेले नव्हते.

पहिला नाडा वळायला घेतला त्या दिवशी वारा पडला होता. कृपाबाईने चाक धरले. दानिएलने विंचरलेला वाख कमरेला गुंडाळला, टोक आकड्यात अडकवले आणि तो उलट पावली चालू लागला. बोटांतून वाख सुटत होता आणि चाकाचा पीळ त्याचे सूत करीत होता. चाल मंदावली की सूत जाड होते, घाई झाली की बारीक. तो एका चालीने लिंबाच्या शेवटच्या झाडापर्यंत गेला.

"हळू फिरव!" तो तिकडून ओरडला.

"तुमीच भराभरा पळताय!"

सुतांचे पेड झाले. तीन पेड शंकूच्या खाचांत बसवून त्याने उलटा पीळ दिला. पेडाचा पीळ एका बाजूला उलगडू पाहतो, दोराचा दुसऱ्या. दोन्ही एकमेकांना अडवतात आणि त्या अडवणुकीवरच दोर टिकतो. संध्याकाळी नाडा झाडाला बांधून दोघेही त्याला लोंबकळले. झाड हलले, दोर हलला नाही. कृपाबाईचे तळहात सोलले होते. ती ते पदरात धरून हसली.

आता प्रश्न होता तो या पहिल्या नाड्याचे काय करायचे.

घरात या बाबतीत एक वळण होते. कोंबडीचे पहिले अंडे, वेलाचा पहिला भोपळा, बाजरीचे पहिले कणीस घरात खायचे नाही, विकायचे नाही. कापणीच्या सणाला ख्रिस्ती देवळात नेऊन ठेवायचे. पहिले फळ आपले नसते, हे दानिएलला चालण्याबरोबरच शिकवले होते.

"देवळात दे," बन्यामीन म्हणाला.

"देवळाला विहीर न्हाई, आबा. पाळकबुवा नाड्याचं काय करतील?"

"मग दौंडाला न्या," कृपाबाई म्हणाली. "त्यो दुकानदार बघंल तरी."

"पहिला विकत न्हाईत. ज्याच्या जागंत झाला त्याला देतो. सर्जेरावाच्या मोटेवर चढला की समदं गाव बघंल. जाहिरात बी होती."

बन्यामीन काही बोलणार होता. त्याला खोकल्याची उबळ आली आणि ती जाईपर्यंत दानिएल नाडा खांद्यावर घेऊन निघून गेला होता.

सर्जेरावांच्या दारात चार माणसे बसली होती. निवडणुकीचे दिवस होते. दानिएलने नाड्याचे वेटोळे ओट्याखाली ठेवले.

"पहिला हाय. तुमाला."

"वा!" सर्जेरावांनी खाली उतरून दोरावरून हात फिरवला. "बघा रं गेणबा, गिरणीचा वाटंल."

गेणबा हा खालच्या आळीचा शेतकरी; त्याच्या शब्दावर त्या आळीची मते फिरत. त्याने दोर पाहिला आणि मग दोर आणणाऱ्याला पाहिले. "पोळ्याच्या आधी आला म्हंजी. पयल्यावानी."

आतून सर्जेरावांच्या पत्नी सोजराबाई सुपात बाजरी घेऊन आल्या. "घे. रिकाम्या हातानं जाऊ नगं."

दानिएलने खांद्यावरचे उपरणे पुढे धरले. ज्याच्या शेजारी आपण दहा वर्षे बसलो, त्याच्या घरच्या बाईने दिलेले धान्य नाकारणे त्याला उद्धटपणाचे वाटले. सोजराबाईंनी सूप बरेच उंच धरून पालथे केले. काही दाणे उपरण्याबाहेर पडले. ते त्याने वाकून वेचले, कारण अन्न जमिनीवर टाकू नये असेही त्याला शिकवले होते. ओट्यावरची माणसे शांतपणे पाहत होती.

घरी त्याने उपरणे सोडले तेव्हा बन्यामीनने बाजरी हातात घेतली नाही.

"कुणी घातली?"

"सोजराबाईंनी. प्रेमानं दिली."

"तू नाडा ठिवलास आन् त्येंनी दाणं घातलं?"

"व्हय."

"लोक व्हते?"

"व्हते की. गेणबा व्हता."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "बलुतं घेऊन आलास, लेका."

"आबा, कायद्यानं..."

"कायदा शिरूरात हाय. दाणं हितं हायती."

पुढच्या दिवसांत माणसे येऊ लागली. आधी गेणबा आला. तो दारात टेकला नाही, उभ्या उभ्याच म्हणाला, "दोन बैल, एक गाय हाय. म्होरक्या जरा नरम वळ. गेल्या साली बाजारच्या दोरानं बैलाचं तोंड सोललं."

"किमतीचं..."

"किंमत?" गेणबा खरोखरच चकित झाला. "खळ्यावर ये की. सर्जेरावाकडनं घेतलंस तसं माझ्याकडनं बी घे. मी काय न्हाई म्हनतो का?"

मग खालच्या आळीची आणखी माणसे आली. म्हाळसा नावाच्या म्हातारीने गाईच्या मानेचे माप म्हणून सुतळीचा तुकडाच आणला. ती गरीब होती, आणि मागताना तिच्या आवाजात हक्क होता. हक्क गरिबालाही आवडतो. दानिएलने सर्वांना एकच सांगितले: सर्जेरावांना विचारा, सोसायटीतून ठरेल. त्याचा अजून विश्वास होता. एका बाकावर बसलेल्या माणसाने दिलेला शब्द हा त्याच्या हिशेबी पुरावा होता.

सोसायटीची बैठक चावडीत भरली. दानिएल पाटी काखेत घेऊन गेला आणि पायरीखाली उभा राहिला. सर्जेराव मध्यभागी बसले होते. त्यांनी त्याला पाहिले, पण आपले बोलणे चालू ठेवले. शेवटी गेणबाच म्हणाला, "ह्यो दोराचं म्हनतोय काय ते ऐका. आमी समदे पैसं द्यायचं, आन् सर्जेरावाला मातुर फुकट?"

लोक हसले.

"ती भेट व्हती," दानिएल म्हणाला. "सर्जेराव, तुमीच सांगा. तुमी शब्द दिलाय."

सर्जेरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. काच स्वच्छ होती.

"हे बघ दान्या," ते म्हणाले.

शाळेत ते त्याला दानिएल म्हणत. गावातही आजवर तेच म्हणत आले होते. दानिएलने पाटी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"हे बघ दान्या, तू नाडा आणलास, घरातनं दाणं घेतलंस. ते चार माणसांनी पायलं. आता मी काय बोलू? गावाची रीत एकट्याला मोडता येत न्हाई. गावाचं आधी कर, उरंल ते दौंडाला वीक. कोण अडवतंय? जागा दिलीय, पाणी दिलंय, घायपात दिलाय. हे काय फुकट मिळतंय व्हय कुणाला?"

"तुमी सोसायटीतनं घेणार व्हता."

"सोसायटी म्हंजी तरी कोण? हीच माणसं."

"सुंभ जळाला तरी पीळ जात न्हाई म्हंत्यात," कोणीतरी मागून म्हणाले. "ह्याचा तर सुंभ जळाला बी न्हाई, पर सायबाची टोपी घातली की पीळ इसरला."

पुन्हा हशा झाला. या वेळी सर्जेरावही हसले, थोडेच. गेणबाची आळी त्यांच्या बाजूला आली ती त्या हसण्यानंतर. निवडणुकीत ते निवडून आले.

दानिएलने बाजरी परत नेली. त्यातला एक दाणाही घरात शिजला नव्हता. सोजराबाई दारातून म्हणाल्या, "दिलेलं कुणी परत घेतं व्हय? पाप लावतोस का आमाला?" आणि त्यांनी दार ओढले. त्याने उपरणे पायरीवर सोडले. परतताना तो विहिरीवरून गेला. मोट चालू होती. बैल उतारावर गेले तसा नाडा चाकावरून ताणला, मोट पाण्यातून वर आली, आणि दोर कुरकुरला नाही. एकही धागा उठला नव्हता. दानिएल दोन मोटा रिकाम्या होईपर्यंत उभा राहिला. नाडा वाईट निघाला असता तर बरे झाले असते, असे त्याला क्षणभर वाटले. मग ते खरे नसल्याचे त्याच्या लक्षात आले.

त्याने कोणालाही दोर दिला नाही. लिंबाखालच्या पट्ट्यावर दुसऱ्या दिवशी काट्या पडल्या. डबक्यात म्हशी बसवण्यात आल्या. आता त्यांना वास येत नव्हता. कृपाबाई खुरपणीला गेली तर मुकादमबाई म्हणाली, "बाया भरल्या." गावच्या आडावर तिला कधीच चढू देत नसत, कोणीतरी वरून पाणी ओते. आता ओतणाऱ्या बायांना घरी कामे निघू लागली. ती घागर घेऊन ओढ्याच्या झऱ्यावर जाई आणि वाटीने भरी.

"दौंडाला जातो," दानिएल म्हणाला. "जागा बघून येतो. मग चाक आन् वाख घेऊन समदीच जाऊ."

वाख भरपूर होता. घराच्या माळ्यावर वाळवून, गड्ड्या करून रचलेला. दुकानदाराने मागितला तेवढा माल त्यातून सहज निघाला असता. बांधावरचे घायपात आता कापू देणार नव्हते, म्हणून तो होता तेवढाच होता.

"लवकर या," कृपाबाई म्हणाली. "आबा रातचं दचकून उठत्यात. म्हंत्यात, घर गावठाणात हाय, गाव कवाबी उठवंल."

"आबा, दौंडाला चला. तिथं तुमाला कुणी भिकू म्हणणार न्हाई."

बन्यामीन माळ्याकडे पाहत होता. "आधी ये तर खरं," तो म्हणाला.

दौंडात गोष्टी आश्चर्यकारक सोपेपणाने जुळल्या. यार्डाच्या कुंपणालगत एक लांब मोकळी पट्टी होती. ती ज्या विधवा बाईची होती, तिला फक्त गवत वाढू नये एवढेच हवे होते. दुकानदार म्हणाला, "माल घेऊन ये. पाटी माझ्या दारावर लाव, मला काय." दानिएल लोहाराकडे राहिला, पट्टीवरचे दगड वेचले, खड्डे बुजवले, चरखा रोवायला खांब पुरले. रुळांवरून गाड्या जात तेव्हा खांब किंचित थरथरत. त्याने ते पुन्हा ठोकले.

तो गावात परतला तो दिवस पोळ्याचा होता. वेशीजवळ बैल सजून उभे होते. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरू. त्याला बाजूला थांबावे लागले, आणि म्हणूनच त्याची नजर जनावरांच्या तोंडांवर गेली. गेणबाच्या बैलाची म्होरकी नवी होती. पांढरी, चकचकीत.

त्याने बैलाजवळ जाऊन ती चिमटीत धरली. वाख त्याचा होता; तेवढा स्वच्छ धुतलेला वाख पंचक्रोशीत दुसऱ्याचा नव्हता. पीळ त्याचा नव्हता. चरख्याचा पीळ सारखा पडतो. हा मधेच घट्ट, मधेच सैल होता, मांडीवर तळव्याने वळतात तसा. पुढच्या जोडीच्या गळ्यातही तेच. त्याच्या पुढच्याही.

"ब्येस वळलंय भिकबानं," गेणबा खुशीत म्हणाला. "म्हातारा झाला, पर हात इसरला न्हाई. काल समद्यांच्या दारात आणून दिलं. तू उगं ताणलंस बग."

सर्जेराव पुढे आपल्या जोडीजवळ उभे होते. त्यांनी दानिएलला पाहून हात वर केला, जणू काही झालेच नव्हते. त्यांच्या दृष्टीने आता झालेही नव्हते.

घरात बन्यामीन पाय लांब करून बसला होता. धोतर वर खोचलेले होते. उजव्या मांडीची कातडी गुडघ्यापासून वर वीतभर सोलून निघाली होती आणि कृपाबाई तिच्यावर खोबरेल लावीत होती. म्हाताऱ्याच्या शेजारी सागाची फळी पालथी पडली होती. तिच्यावर वाखाचा भुसा होता.

दानिएलने फळी उचलली. वाख झोडल्याचे वण मागच्या बाजूला होते. पुढची अक्षरे मातीने माखली होती, पण शाबूत होती.

"दुसरी गुळगुळीत फळी घावली न्हाई," बन्यामीन म्हणाला. "चाकाला हात लावला न्हाई मी. तसंच हाय बग."

चाक कोपऱ्यात होते. माळा रिकामा होता.

"का, आबा?"

"तू जाशील. मला हितं मरायचंय. मेल्यावर मूठमाती द्यायला बी वाट त्येंच्याच रानातनं हाय."

दानिएलने खाली पडलेली एक गुंतवळ उचलून बोटांवर पसरली. धागे एकमेकांना समांतर होते. त्यात गाठ नव्हती, साल नव्हती. वाख असा विंचरायला चांगली नजर लागते. बन्यामीनला दोन वर्षांपासून ताटातला खडा दिसत नव्हता. दानिएलने कृपाबाईच्या हातांकडे पाहिले. तिने ते खोबरेलाच्या वाटीसकट पदराखाली घेतले.

"आड खुला केलाय," ती म्हणाली. "कालपासनं पाणी घालत्यात."

बाहेर बैल निघाले होते. घुंगरांचा आवाज वस्तीच्या कडेने, अंतर राखून, पुढे गेला. कृपाबाई उठून चुलीपाशी गेली. सकाळपासून तो चालत होता. तिने त्याच्यापुढे ताटली सरकवली. भाकरी गरम होती, फुगलेली, बाजरीची.  दानिएलने पाटी भिंतीला, अक्षरे आतल्या बाजूला करून टेकवली, आणि बाजरी कोणाच्या घरची हे न विचारता तुकडा मोडला.